फुफ्फुसापर्यंतची वाट

नगरच्या तोफखान्यात किंवा संगमनेरच्या जुन्या गल्ल्यांत एके काळी दुपारच्या वेळी ओट्याओट्यावर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाया दिसत. भिजवलेले तेंदूपान कात्रीने मापात कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचे, दोऱ्याने बांधायचे. हजार विड्या झाल्या की मजुरी. हातमागावर पोट भरेना तसे नगरमधल्या अनेक पद्मशाली घरांनी सूप जवळ केले. पान यायचे विदर्भ-मध्य प्रांताच्या जंगलांतून, तंबाखू निपाणीकडून आणि गुजरातेतून. 1966 साली विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. त्यात मजुरी, रजा, कामाच्या जागा या सगळ्यांचा विचार होता. वळलेली विडी ओढणाऱ्याच्या छातीत काय होते, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेतला नव्हताच. तो परळला सोडवला जात होता.

परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, वर्षभरात त्यांचे पती दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभे केले. तिथल्या प्रयोगशाळेत वसंत रामजी खानोलकर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. माणसाच्या सवयी आणि त्याच्या अंगातली गाठ यांचा संबंध शोधण्याचा त्यांना नाद होता. 1945 मध्ये त्यांनी धोतराच्या घट्ट गाठीखाली वर्षानुवर्षे घासल्या गेलेल्या कमरेच्या कातडीचा कॅन्सर नोंदवला, आणि पेटते टोक तोंडात धरून चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, ओढणाऱ्यांच्या टाळूचाही. धोतर नेसणाऱ्या मुलखाला ही बातमी तेव्हा विनोदी वाटली असेल. पण रोगाचा माग जिवाणूपुरता न ठेवता माणसाच्या कपड्यांपर्यंत आणि खिशापर्यंत नेणारी ही नजर होती.

त्याच परंपरेत पुढे नोतानी आणि संघवी यांनी 1974 मध्ये, जस्सावाला आणि जैन यांनी 1979 मध्ये मुंबईतल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे अभ्यास छापले. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, कारण ती ‘आपली’, पानाची, बारीक, असा एक समज खेड्यापाड्यांत होता आणि अजून आहे. अभ्यासात उलटेच निघाले. विडीत तंबाखू कमी असते, पण तेंदूचे पान सच्छिद्र नसल्याने ती विझते. पेटती ठेवायला पुन्हा पुन्हा आणि खोल झुरके मारावे लागतात. थोडक्यात, फुफ्फुसाच्या तळापर्यंत विष पोचवण्याचे एक स्वस्त आणि कार्यक्षम साधन नगर जिल्ह्यात घरोघर तयार होत होते.

औषध पोचवणे मात्र अवघड ठरले. त्याचीच ही गोष्ट आहे.

फुफ्फुस हे कॅन्सरच्या दृष्टीने दोनदा बदनाम झालेले इंद्रिय आहे. एकदा तिथेच उगवणाऱ्या गाठीमुळे, आणि दुसऱ्यांदा दुसरीकडून येऊन वस्तीला राहणाऱ्या गाठींमुळे. हाडाचा, स्तनाचा, मूत्रपिंडाचा, आतड्याचा कॅन्सर पसरला की त्याचे ठिपके बहुधा छातीच्या फोटोत दिसतात. कारण रक्ताच्या वाटेत आहे. सगळ्या शरीराचे अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला जमते आणि तिथून पूर्णच्या पूर्ण फुफ्फुसात जाते. तिथल्या केशवाहिन्यांची जाळी इतकी बारीक की वाहत आलेली पेशी अडकतेच. आतड्याचे रक्त तेवढे आधी यकृतातून गाळून येते. पण नुसत्या अडकण्याने भागत नाही, हे लंडनच्या स्टीफन पॅजेटने 1889 मध्येच दाखवले होते. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून तो म्हणाला की बी सगळीकडे उडते, उगवते ती मानवेल त्या जमिनीतच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावायची गरज नाही.

आता औषधाकडे. पसरलेल्या कॅन्सरवर देतात ती केमोथेरपी मुळात युद्धातल्या विषापासून आली. 1917 च्या जुलैत बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी मस्टर्ड वायू वापरला. त्याने कातडीला फोड येत, डोळे जात आणि श्वासनलिका आतून सोलून निघत. पुढे तीसच्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत हिंदी सैनिकांवर हाच वायू तपासून पाहिला. त्या प्रकरणाची फारशी वाच्यता अनेक दशके झाली नाही. याच विषाचा चुलतभाऊ नायट्रोजन मस्टर्ड. तो पांढऱ्या पेशी संपवतो हे लक्षात घेऊन येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी 1942 मध्ये लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला तो शिरेतून दिला. गाठी वितळल्या, काही आठवड्यांत परत आल्या. पुढच्या वर्षी 2 डिसेंबरला इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला, त्यात मस्टर्ड बॉम्ब भरलेले एक अमेरिकी जहाज फुटले. तपासाला आलेल्या डॉक्टरला शेकडो होरपळलेल्या खलाशांच्या रक्तात तेच दिसले: पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या.

योगायोग असा की, याच बारीपासून जवळ असलेल्या कास्तेल देल मोंते नावाच्या जुन्या किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत पन्नासच्या दशकात एक लाल रंग सोडणारा सूक्ष्मजीव सापडला. त्याच्या वंशातून डॉक्सोरुबिसिन मिळाले. आज नगरच्या, पुण्याच्या, बार्शीच्या कोणत्याही केमो-वॉर्डात लाल सलाइन लावलेला पेशंट दिसतो, ते बहुधा हेच.  पेशंटला दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाल्यावर धसका बसतो.

या औषधांची अडचण एका वाक्यात सांगता येते. गाठ मारायला लागणारी मात्रा आणि माणूस मारायला लागणारी मात्रा यांत फार अंतर नसते. डॉक्सोरुबिसिन आयुष्यभरात एका मर्यादेपुढे दिले तर हृदयाचे स्नायू निकामी होतात. नायट्रोजन मस्टर्डच्या घराण्यातले मेल्फलन हाडांतल्या मगजावर घाव घालते. गंमत अशी की हाताच्या शिरेत लावलेली सलाइन हृदयातून सर्वांत आधी फुफ्फुसातच जाते. म्हणजे फुफ्फुसापर्यंतची वाट बंद कधीच नव्हती. पण औषध तिथे क्षणभरही टेकत नाही. पाच लिटर रक्तात मिसळून पुढे यकृत, मगज, केसांची मुळे, आतडी असे सगळीकडे वाटले जाते. त्याला फुफ्फुसात रोखून धरायचे आणि बाकी शरीराला त्याचा वासही लागू द्यायचा नाही, हे कसे जमवायचे?

उत्तर पायातून सापडले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात ऑस्कर क्रीच आणि एडवर्ड क्रेमेंट्झ हे शल्यविशारद होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्ताभिसरण यंत्र नुकतेच हाती आले होते. 1957 मध्ये त्यांच्याकडे 76 वर्षांचा एक माणूस आला. पायाला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, झाला होता, तो परत परत उगवत होता आणि मांडीतून पाय कापण्याला त्याने साफ नकार दिला होता. क्रीच-क्रेमेंट्झनी त्या पायाची रोहिणी आणि नीला बाकीच्या शरीरापासून तोडून यंत्राला जोडल्या आणि फक्त त्या पायातून मेल्फलन फिरवले. म्हातारा बरा झाला, आणि 92 व्या वर्षी मेला तेव्हा पाय शाबूत होता. वैद्यकाच्या इतिहासात पहिल्याच पेशंटला एवढे यश क्वचित लाभते. आणि असे यश मिळाले की पुढची माणसे फसण्याची शक्यता वाढते.

कारण त्याच चमूने लगेच हाच प्रयोग फुफ्फुसावर केला. पाय बांधून ठेवता येतो, फुफ्फुस नाही. त्यातून सगळे रक्त जाते, आणि दोन्ही फुफ्फुसे अलग करायची तर शरीर चालवायला दुसरे अभिसरण यंत्र लागते. शिवाय फुफ्फुसाला दोन रक्तपुरवठे असतात: हृदयाच्या उजवीकडून येणारी मोठी फुफ्फुस-रोहिणी आणि महारोहिणीकडून येणाऱ्या बारीक श्वासनलिका-रोहिण्या. एक अडवली तरी दुसरी गळतच राहते. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस झालेल्या या प्रयोगांतून पेशंटच्या पदरात फार काही पडले नाही.

कल्पना मात्र मेली नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षे ती कुत्रे आणि उंदरांवर जगली. मग शल्यविशारदांनी एकाच बाजूचे फुफ्फुस अलग करायला सुरुवात केली; दुसरे फुफ्फुस श्वास घेत राहते, म्हणून काम सोपे होते. छाती उघडून त्या बाजूची फुफ्फुस-रोहिणी आणि दोन्ही नीला चिमट्याने बंद करायच्या, नळ्या घालायच्या, छोट्या यंत्रातून औषध मिसळलेला गरम द्रव अर्धा तास फिरवायचा, मग स्वच्छ द्रवाने सगळे धुऊन काढायचे आणि रक्त पुन्हा सोडायचे. आकडे भुरळ घालणारे होते. शिरेतून देता येणार नाही इतके औषध फुफ्फुसाच्या पेशींत उतरत होते आणि बाकी रक्तात त्याचा मागमूस नसे. त्यातही एक तर्क पसरलेल्या कॅन्सरवर ही पद्धत वापरण्याच्या बाजूने होता. दुसरीकडून आलेल्या छोट्या गाठी बहुधा फुफ्फुस-रोहिणीच्याच रक्तावर पोसतात, म्हणजे औषध त्यांच्या अन्नाच्या वाटेनेच जाते.

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयाने 2000 मध्ये आठ पेशंटांचा अनुभव छापला. सगळ्यांना सार्कोमाच्या, म्हणजे हाडा-मांसाच्या कॅन्सरच्या, कापून काढता न येणाऱ्या गाठी फुफ्फुसात होत्या. औषध डॉक्सोरुबिसिन. हृदयाला काही झाले नाही, केस गेले नाहीत. पण मात्रा वाढवल्यावर एका पेशंटचे ते फुफ्फुसच रसायनाने भाजून निघाले आणि कायमचे बंद पडले. गाठी मात्र कोणाच्याही म्हणाव्या तशा विरघळल्या नाहीत. बाहेरचे विष आत कोंडता येते, पण आत कोंडल्यावर ते गाठ आणि फुफ्फुस यांत फरक करत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

बेल्जियमच्या अँटवर्पमधल्या पॉल व्हान स्खिल यांच्या गटाने म्हणून धोरण बदलले. दिसतील त्या गाठी कापून काढायच्याच; औषध फक्त न दिसणाऱ्या उरलेल्यांसाठी. त्यांनी मेल्फलन निवडले, मात्रा पायरीपायरीने वाढवली, 45 मिलिग्रॅमवर थांबले, आणि पुढे डच रुग्णालयांना सोबत घेऊन 50 पेशंटांवर ही पद्धत वापरली. निष्कर्ष बरे होते. फुफ्फुसात गाठ परत येण्याचे प्रमाण कमी वाटत होते. ‘वाटत होते’ हाच शब्द योग्य, कारण तुलनेसाठी फक्त शस्त्रक्रिया झालेला दुसरा गट नव्हता. अशा शस्त्रक्रियेला निवडले जाणारे पेशंट मुळातच धट्टेकट्टे, मोजक्या गाठींचे असतात. ते औषधामुळे जगले की निवडीमुळे, हे सांगता येत नाही. ज्या मुलखात मस्टर्ड वायू पहिल्यांदा सोडला गेला, त्याच मुलखात त्याचा वंशज फुफ्फुसातून जपून फिरवला जात होता, हे अँटवर्पच्या डॉक्टरांच्या लक्षात आले नसेल असे नाही. आता कॅनडात टोरंटोला प्रत्यारोपणाच्या फुफ्फुसांसाठी घडवलेले तंत्र वापरून हाच खटाटोप पुढे चालू आहे.

दुसरी वाट श्वासाची. ही कल्पना आपल्याकडे तर फार जुनी. चरकसंहितेत औषधी धूमपानाचे सविस्तर विधी आहेत. दम्यावर धोतऱ्याचा धूर घेण्याची हिंदी रीत 1802 मध्ये मद्रासच्या डॉ. जेम्स अँडरसन यांच्याकडून जनरल जेंट या अधिकाऱ्याने ब्रिटनला नेली, आणि पुढे शंभर वर्षे युरोपात दमेकऱ्यांच्या सिगारेटी औषधाच्या दुकानात मिळत. म्हणजे फुफ्फुसात थेट औषध सोडण्याच्या आधुनिक प्रथेचा एक धागा इथूनच निघतो. केमोचे औषध वाफेतून द्यायचे तर थेंब एक ते पाच मायक्रॉनचे हवेत. मोठे थेंब घशात बसतात, त्याहून बारीक असतील ते श्वासासोबत परत बाहेर येतात. 2007 मध्ये अमेरिकेत ओहायोच्या डॉक्टरांनी फुफ्फुसात पसरलेल्या कॅन्सरच्या 53 पेशंटांना डॉक्सोरुबिसिन असे हुंगवले. हाडाच्या कॅन्सरच्या मुलांसाठी चरबीच्या कणांत गुंडाळलेले सिस्प्लॅटिन हे दुसरे केमोचे औषधही पुढे तपासले गेले. अडचणी दोन. ज्या भागात गाठीने श्वासनलिका दाबली आहे तिथे हवाच जात नाही, मग औषध कसे जाणार? आणि पेशंटने सोडलेल्या उच्छ्वासातले विष खोलीतल्या नर्सच्या फुफ्फुसात जाऊ नये म्हणून खास तंबू, खास गाळण्या लागतात. साध्या वॉर्डात हे परवडणारे नाही.

तेव्हा थेट फुफ्फुसात केमो देण्याची पद्धत साठाहून अधिक वर्षांनंतरही मूठभर रुग्णालयांतला प्रयोगच राहिली. मराठी मुलखातल्या पेशंटला मिळाली ती केमो हाताच्या शिरेतून. ती तरी नगरपर्यंत कशी आली, हा इतिहास वेगळा, आणि खरे तर जास्त महत्त्वाचा.

दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला आणि नगर मुंबईला जोडले गेले. टाटा रुग्णालय झाल्यावर ‘टाटाला नेले’ हे दोन शब्द जिल्ह्यातल्या घरांत रोगाच्या नावाऐवजी वापरले जाऊ लागले. जाणाऱ्याला औषधापेक्षा आधी जागा लागे. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी भरलेली असते, ती त्यामुळेच. केमोचे चक्र दर तीन आठवड्यांनी. शेवगाव-पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या घरातून सहा वेळा मुंबई करायची, म्हणजे सहा वेळा दोन माणसांची मजुरी बुडवायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पेशंट यायचा थांबतो. उपचार अर्धवट राहण्याचे हे कारण कोणत्याही औषधशास्त्राच्या पुस्तकात नाही, आणि फुफ्फुस अलग करणाऱ्या कोणत्याही यंत्राने ते सुटणारे नव्हते.

ते सोडवण्याचा प्रयत्न जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आणि शिवेपलीकडे झाला. जामखेडला 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका बनवले. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचा भर बाळंतपण, कुपोषण, क्षय, कुष्ठ यांवर होता. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या पलीकडे भूम-परांडा लागते, त्याच्या खाली बार्शी. तिथे डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय उभे राहिले, आणि 1987 मध्ये बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांसाठी भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंद करणारा माणूस गावात जाऊन पारावर बसे, लक्षणे सांगे, संशयिताला बार्शीला आणे. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, म्हणजे गाठ अजून जागची हलली नव्हती तेव्हा. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा आणि बार्शीच्या मंडळींनी 1,31,746 स्त्रियांची पाहणी केली. एचपीव्ही या विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले, हे 2009 मध्ये छापून आले आणि जगभर वाचले गेले.

पैशाचा भाग उशिरा सुटला, तोही तुकड्यातुकड्याने. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होते, नगर नव्हते. बार्शीच्या पेशंटला दीड लाखापर्यंतची केमो फुकट आणि शेजारच्या जामखेडच्या पेशंटला विकत, अशी स्थिती नोव्हेंबर 2013 पर्यंत, म्हणजे योजना सगळ्या जिल्ह्यांत येईपर्यंत, राहिली. हीच योजना 2017 पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते.

छातीत पसरलेल्या कॅन्सरच्या बाबतीत नगर जिल्ह्यातली सर्वांत मोठी अडचण मात्र आजही एका जुन्या रोगाची आहे. खोकला, वजन उतरणे, फोटोत डाग, एवढे दिसले की आधी आठवतो क्षय. आणि क्षय इतका आहे की ते आठवणे चूकही नाही. थुंकीत जंतू सापडला नाही तरी टीबीचा कोर्स सुरू होतो. कोर्स सहा महिन्यांचा असतो. या सहा महिन्यांत डागांचे दोनाचे दहा होतात. अँटवर्पमध्ये काय आणि परळला काय, फुफ्फुसातल्या गाठी कापून काढायच्या तर त्या मोजक्या असाव्या लागतात. छातीचा सर्जन सीटी स्कॅन दिव्यासमोर धरतो, डाग मोजतो, आणि मग पेशंटला विचारतो की पहिला फोटो कधी काढला होता.